खडीचा रस्ता, चाळीसचा टायर

'स्टँड कुठंय?'

माझी नवी सायकल घरी आली त्या दिवशी बाबांचा हा पहिला प्रश्न. दुसरा, 'मडगार्ड?' तिसरा, 'कॅरिअर?' तिन्ही उत्तरं 'नाही' आल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली.

'आणि हिला सत्तर हजार?'

बारा हप्त्यांचं तर मी बोललेच नव्हते! फ्रीलान्सरच्या आयुष्यात पगाराची तारीख नसते, पण ईएमआयची मात्र असते, आणि ती कधी चुकत नाही. तरीही घेतली. कारण ऑफिसवाल्या मित्रमंडळींना वीकेंड असतो, मला तोही नसतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता घरात बसून, लॅपटॉपवर सहावा ड्राफ्ट बघत असताना अचानक वाटतं, आत्ताच्या आत्ता इथून कुठं तरी जावं. जिथं रेंज नाही, 'जस्ट अ स्मॉल चेंज' म्हणणारा क्लायंट नाही आणि मुख्य म्हणजे डंपर नाही.

डंपर हाच खरा मुद्दा. आधी माझ्याकडे रोड बाइक होती. बारीक टायरची, वाऱ्यासारखी पळणारी. पण पुण्याबाहेर कुठलाही हायवे पकडा, मागून हॉर्न, पुढून धूर आणि बाजूला चिटकून जाणारी टुरिस्ट गाडी. एकदा सातारा रस्त्यावर एका ट्रकच्या झोतानं मी अक्षरशः गटारात गेले. त्या दिवशी ठरवलं, डांबर बास.

ग्रॅव्हल बाइकचा फंडा सोपा आहे. हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं, पण टायर चांगले जाड, साधारण 38 ते 45 मिलिमीटरचे. डिस्क ब्रेक. चढावर जीव जाऊ नये म्हणून हलके गिअर. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि मातीवर बऱ्यापैकी टिकते. दोन्हीकडे पहिला नंबर नाही, पण दोन्हीकडे पास! (माझ्या एकूण करिअरचंही हेच वर्णन आहे, म्हणून आमचं जमतं.)

हे खूळ अमेरिकेतलं. तिथल्या शेतीच्या पट्ट्यात मैलोन् मैल खडीचे रस्ते आहेत. वाहतूक एवढी कमी की डांबर घालणं परवडत नाही. 2006 साली कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची, म्हणजे साधारण 320 किलोमीटरची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी जेमतेम 34 जण आले होते. आज 'अनबाउंड' या नावानं ती जगभर ओळखली जाते. 2022 मध्ये तर इटलीत ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली. लोक विमानानं सायकली नेतात, कशासाठी? तर खडीवर चालवायला.

मी हे बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, 'खडीवर? मुद्दाम?'

त्यावर मी हसले. आता आठवलं की जरा कसंतरी होतं.

तर जानेवारीत एका ठिकाणाहून काम आलं. पुण्याजवळचे ग्रॅव्हल रूट, फोटोंसकट, 'एकदम फ्रेश' हवेत. मी म्हटलं, पैसे मिळवत सायकल चालवायची, यापेक्षा भारी काय?

पहिला रविवार कालव्याच्या रस्त्यावर घालवला. खडकवासल्याहून निघणारा उजवा कालवा शहर ओलांडून पूर्वेला इंदापूरपर्यंत जातो. शहराबाहेर पडलं की त्याच्या कडेनं मातीचा सपाट रस्ता लागतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि बांधावर बगळे. नवशिक्यांसाठी झक्कास, चढ नावाला नाही. फक्त कुत्र्यांपासून सांभाळा. वस्तीवरची कुत्री आली की पळायचं नाही. खाली उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची आणि शहाण्यासारखं चालत सुटायचं. त्याला वाटतं, हा माणूसच आहे, आणि त्याचा इंटरेस्ट जातो.

दुसरा रविवार सासवडच्या आसपासच्या माळावर. बैलगाडीच्या चाकोऱ्या, अंजिराच्या बागा आणि समोर सतत पुरंदर. तिथं एक धडाही मिळाला. नकाशावर दिसणारी प्रत्येक बारीक रेघ म्हणजे रस्ता नसतो. ती कुणाच्या तरी बांधावरची वाट असते. एका आज्जींनी मला हरभऱ्याच्या कडेला अडवलं आणि विचारलं, 'कुनाकडं आलीस?' कुणाकडेच नाही, नुसतीच चाललेय, हे काही त्यांना पटेना. शेवटी त्यांनी मला मूठभर हरभरा दिला आणि दुसऱ्या वाटेनं जायला सांगितलं. तेव्हापासून मी आधी विचारते, मग घुसते.

आणि तिसऱ्या रविवारी मला ती आयडिया सुचली. आपल्या गावालाच जायचं! बाबांच्या वाडीला. गाव वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. दरवर्षी जत्रेला आम्ही जातो. मेन रोडपर्यंत आमची गाडी, तिथून पुढे सहा किलोमीटर चुलतभावाची जीप. त्या सहा किलोमीटरबद्दल मला एवढंच आठवत होतं की जीप रांगते, डोकं टपाला आपटतं आणि हेडफोन कानातून पडतात. पण तो रस्ता खडीचा आहे, हे ग्रॅव्हल बाइक घेईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खडी, जंगल, डोंगर, वर शून्य वाहतूक. अहो, लोक कॅन्ससला जातात!

घरी सांगितलं नाही. म्हटलं, वरून फोटो टाकू, सरप्राइज.

पहाटे पाचला निघाले. खडकवासला, डोणजे आणि पुढे खानापूरला मुख्य रस्ता सोडून डावीकडे. सरळ गेलात तर पानशेत. 12 जुलै 1961 ला फुटून ज्यानं पुण्याच्या पेठा बुडवल्या, तेच धरण. रांजण्याच्या पुढे पाबे घाट सुरू होतो. घाट डांबरी आहे, पण तीव्र आहे. पायात गोळे येतात, सगळ्यात हलका गिअर आधीच पडलेला असतो आणि तरी अंगठा सवयीनं आणखी एक गिअर शोधत राहतो. मी दोनदा थांबले. खरं तर चारदा, पण दोनदा फोटोच्या नावाखाली.

खिंडीत पोचलं की मात्र सगळं वसूल होतं. मागं सिंहगड, समोर एका नजरेत राजगड आणि तोरणा. तोरणा 1403 मीटर, जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं आणि खालच्या खाचरांतून निळसर धूर वर येत होता. त्या दिवसांत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब जाळतात. तो वास लहानपणापासून माझ्या डोक्यात 'गाव' या शब्दाला चिकटलाय.

उतारावर पाबे गाव, मग वेल्हे, तिथं दोन मिसळी (एक पुरत नाही, उगाच लाजू नका), आणि साडेदहाच्या सुमारास मी आमच्या फाट्यावर होते. फाट्यावर एक जुनं आंब्याचं झाड आहे. त्याच्या सावलीत बसून टायरची हवा कमी केली. डांबरावर मी 45 पीएसआय ठेवते, खडीवर 30. हवा कमी केली की टायर दगडाला धरून चालतो, दगडावरून उडत नाही. शेजारून एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन चालले होते. ते कळवळून म्हणाले, 'पोरी, हवा गेली का गं?' मी म्हटलं, 'मी सोडतेय, बाबा.' ते काही न बोलता पुढे गेले.

आणि मग खडी.

त्या सहा किलोमीटरबद्दल मी त्या क्षणी जे वाटलं तेच लिहिते, कारण ते खोटं नव्हतं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना खाचरं, मग रान. ऐन, हिरडा, जांभूळ. पानगळीचा चुरा चाकाखाली कुरकुरतो. एक पांगारा निष्पर्ण होऊन नुसता लाल उभा. कुठंतरी तांबट पक्ष्याची टुक्-टुक् चाललेली, सुताराच्या हातोडीसारखी. रस्त्यावरची खडी मात्र कॅन्ससची नव्हे. माझा टायर 40 मिलिमीटरचा आणि एकेक दगडही तेवढाच, काही तर मुठीएवढे. चाक एका दगडावरून घसरून दुसऱ्यावर आदळतं, मनगटं बधिर होतात, तोंड मिटून ठेवलं नाही तर जीभ चावली जाते. पण लय सापडली की कसला माहौल! हँडल सैल धरायचं, बूड सीटवरून जरासं उचलायचं आणि सायकलला तिची वाट शोधू द्यायची. दीड तास मला डेडलाइन आठवली नाही, बँक बॅलन्स आठवला नाही.

अर्ध्या वाटेवर आमची देवराई लागते. रस्ता तिथं विचित्र वळसा घेतो, सरळ जाता आलं असतं तरी. मुळश्यापासून भोरपर्यंतच्या पट्ट्यात अशा देवाच्या नावानं राखलेल्या राया अजून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर अभ्यास केला, तेव्हा कुठं शहरातल्या लोकांना त्यांची किंमत कळली. आत काडीसुद्धा तोडायची नाही, वाळलेली उचलायची नाही. मी सायकल बाहेर ठेवून पाच मिनिटं आत उभी राहिले. गारवा असा की घाम थंड पडला.

वाडीच्या आधीच्या खिंडीत एक दांडी रेंज येते. तिथं सायकल एका दगडाला टेकवली (स्टँड नाही ना!), मागं रस्त्याचं नागमोडी वळण येईल असा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. 'बाबा, तुमचा रस्ता!! एक नंबर ग्रॅव्हल. कॅन्सस झक मारेल.'

आईचा अंगठा आला. मावशीची बदामी डोळ्यांची स्मायली आली. बाबांच्या दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे काहीच नाही. जो माणूस रोज सकाळी सूर्योदय आणि सुविचार पाठवतो, तो गप्प.

वाडीत मोठे काका अंगणात दोरी वळत होते. मला सायकलवरून येताना बघून उठून उभे राहिले. काकीनं पाणी आणलं, गूळ आणला. 'फाट्यापास्नं ह्याच्यावर आलीस?' काका सायकलकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, 'काका, काय मस्त रस्ता आहे तुमचा!'

काकांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांच्या लक्षात आलं, मी चेष्टा करत नाहीये. ते परत दोरी वळायला लागले.

'दोन पावसाळं झालं,' ते म्हणाले. 'खडी टाकली, रोलर फिरवला, मंग मानसं गेली ती गेली. डांबर काय आलं न्हाई.'

सरकारी कागदावर याला खडीकरण म्हणतात. खडीचा थर पसरायचा, मुरूम आणि पाणी टाकून दाबायचा. हा रस्त्याचा पाया असतो, रस्ता नव्हे. त्यावर डांबराचा थर आला नाही, तर पहिल्या जोरदार पावसात मुरूम वाहून जातो आणि दगड सुटे होतात. म्हणजे मी ज्याला 'एक नंबर ग्रॅव्हल' म्हणत होते, ते अर्धवट सोडलेलं काम होतं. त्यापेक्षा आधीची मातीची वाट बरी होती, असं काकीचं म्हणणं. निदान पायाला लागत नव्हती.

मी पत्रकारितेच्या सवयीनं प्रश्न विचारायला लागले. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली, तिच्यातून का नाही झाला? काकांना कारण तोंडपाठ होतं. त्या योजनेत सर्वसाधारण भागात पाचशेच्या वर लोकवस्ती लागायची. डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी भाग असेल तर अडीचशे. 'आमी तवा दीडशेबी न्हवतो,' काका म्हणाले. 'आन् रस्ता न्हाई म्हनून पोरं खाली गेली, तवा आनखी कमी झालो.'

'आणि देवराईपाशी तो वळसा?'

'त्यो आमी घ्यायला लावला. सरळ काढत व्हते, चार झाडं जात व्हती. आमी म्हनलं, रस्ता पायजे, पर तसा नको.'

मग, अगदी दोरीचा पीळ बघता बघता, त्यांनी ते सांगितलं. सांगायचं म्हणून नव्हे, मला माहीतच असणार असं समजून.

आज्जी साप चावून गेली, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. 1983 सालचा जुलै, भातलावणीचे दिवस. रोपं उपटताना हाताला घोणस डसली. दुपारची वेळ. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, काका एकोणीसचे. सर्पदंशावर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच इलाज, आणि ते वाडीत कुठून असणार? घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. चौघांनी खांदा दिला. धो धो पाऊस, वाटेत दोन ओढे भरून वाहणारे. ओढ्याचं पाणी उतरायची वाट बघावी लागली.

'डांबरीला पोचलो तवा अंधार पडला व्हता. येष्टी गेलेली. म्हनलं, दुधाचा टेम्पो ईल पहाटं. आंब्याखाली बसलो. तुझा बाप छत्री धरून बसला व्हता तिच्यावर, रातभर.' काका थांबले. 'टेम्पो आला, पर तवर...'

फाट्यावर आंब्याचं एकच झाड आहे.

मी काय बोलणार? 'बाबांनी कधी सांगितलं नाही,' एवढंच म्हटलं. काका म्हणाले, 'तो न्हाईच बोलत.' काकी आत गेली आणि तवा ठेवल्याचा आवाज आला.

जेवण झालं. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी. मी दोन वेळा फोन काढला आणि ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करायचं ठरवलं. पण रेंज नव्हती.

भांडी आवरल्यावर काकांनी कोनाड्यातून एक वही काढली. 'तू पेपरात लिहितेस न्हवं? मंग एक अर्ज लिहून दे. आमच्यातल्या पोरांचं अक्षर कोंबडीचं. तुझं चांगलं हाय.'

गेल्या सहा वर्षांत मी बऱ्याच गोष्टी लिहिल्यात. कॅफे रिव्ह्यू, मोबाइलचे रिव्ह्यू, एका बिल्डरच्या ब्रोशरसाठी 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे. अर्ज मात्र शाळेनंतर पहिल्यांदाच. ओट्यावर मांडी घालून बसले. प्रति, विषय, महोदय. काका सांगत होते, मी त्याचं पुस्तकी मराठी करत होते. हळूहळू शेजारचे चार-पाच जण जमले आणि प्रत्येकाला काही ना काही घालायचं होतं.

'लिही, आजारी मानूस न्हेता येत न्हाई.'

सदर रस्त्याने रुग्णास नेणे शक्य होत नाही.

'लिही, दूध खाली जाईस्तवर नासतं.'

'लिही, पावसाळ्यात शाळा बुडते.'

'आन् लिही,' काका म्हणाले, 'की ह्या रस्त्यानं साधी सायकलबी जात न्हाई.'

माझं पेन थांबलं. माझी सायकल समोरच्या भिंतीला टेकून उभी होती, चाकांवर खडीची पांढरी धूळ. सगळ्यांनी तिकडं बघितलं. मग एकदम हशा पिकला. काकीनं तोंडाला पदर लावला.

'ती सोड,' काका म्हणाले. 'साधी म्हनलं मी.'

मी लिहिलं, सदर रस्त्याने साधी सायकलही जात नाही.

खाली सह्या झाल्या. एकवीस सह्या, चार अंगठे. काकांनी पेन परत माझ्याकडे दिलं. 'तुझीबी कर. पत्ता पुन्याचा टाक, जरा वजन पडंल.' मी केली. गावाचं नाव मी इथं देत नाहीये. अर्जात ते तीन वेळा आहे. आणि ज्यांनी ग्रॅव्हल रूट मागितले होते, त्यांना मी कालवा आणि सासवड एवढेच दिले. तिसऱ्याबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं, काम चालू आहे.

साडेतीनला निघाले. काकीनं पाठीवरच्या सॅकमध्ये आंबेमोहोराची दोन किलोची पिशवी कोंबली, तिचं वजन पूर्ण वाटभर खांद्याला जाणवत होतं. खिंडीत आले तेव्हा एक दांडी आली आणि फोन थरथरला. बाबांचा मेसेज होता, ग्रुपवर नव्हे, मला एकटीला.

'आंब्यापाशी थांबलीस का?'

'सकाळी थांबले होते. आता परत थांबते,' एवढं टाइप केलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि उतरायला सुरुवात केली.